संगतीनं घेतलेली गोळी

तो गाडीवरून पडला कसा, हे त्याने मला दर वेळी वेगळं सांगितलं. फोनवर म्हणाला, कुत्रं आडवं आलं. दुसऱ्या दिवशी मी कोऱ्हाळ्याला त्याच्या घरी गेले, तर म्हणाला, रस्त्यावर कारखान्याची मळी सांडली होती, चाक घसरलं. आणि त्याच्या वहिनीने चहा आणून ठेवला तेव्हा तिच्यादेखत म्हणाला, समोरून उसाची ट्रॉली आली, दिवे डोळ्यांवर आले. मी कप खाली ठेवला.

"अहो, एकाच संध्याकाळी कुत्रं, मळी आणि ट्रॉली? अजून काही राहिलंय का? विमानबिमान?"

वहिनीला हसू आलं. तो हसला नाही. मनगटाला पट्टी, गुडघा सोललेला, कपाळावर टेंगूळ, आणि नजर जमिनीवर. त्याला मी इतकी वर्षं ओळखते, तो खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणूनच त्याला खोटं नीट जमत नव्हतं.

मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मानसिक आरोग्याच्या एका प्रकल्पात काम करते. आमच्याकडे सोबती असतात. सोबती म्हणजे ज्यांनी स्वतः असा आजार काढलाय अशी माणसं. ती डॉक्टर नसतात, समुपदेशक नसतात. ज्या घरात कुणाला भास होतात, कुणी महिनोन् महिने अंथरूण सोडत नाही, तिथं जाऊन बसायचं आणि सांगायचं, मीपण ह्यातून गेलोय. एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. एकदा करून बघा म्हणावं.

त्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. आता लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी धड शिकवलं नाही. गवंड्याचं काम बघायचं तर भिंतीला ओळंबा लावता येतो. इथं माणूस स्वतःचं जुनं दुखणं घेऊन दुसऱ्याच्या दारात जातो. त्यातलं किती बाहेर काढायचं, किती झाकून ठेवायचं, कुठं थांबायचं, हे त्याचं त्याला त्या दारातच ठरवावं लागतं. मी तिथं नसते. मी सोमवारी बारामतीतल्या आमच्या खोलीत बसून ऐकते, विचारते, आणि पुष्कळदा ओरडते. माझा आवाज मोठा आहे. जळोचीत आमच्या शेजारच्यांना मी घरी आल्याचं गाडीच्या आवाजाने नाही, माझ्या आवाजाने कळतं. सोबत्यांना मी एरवी अहो-जाहो करते. राग आला की आपोआप अरे-तुरेवर येते, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

हा आमचा कोऱ्हाळ्याचा सोबती चाळिशीचा. ऐन पंचविशीत त्याला कानात आवाज यायला लागले. पुढची बरीच वर्षं तो गावात नव्हताच म्हणायचा. घरच्यांनी त्याला मळ्यातल्या वस्तीवर ठेवलं होतं. छळलं वगैरे नाही, जेवण वेळेवर जायचं. पण घरात पाहुणे आले, लग्नकार्य निघालं, की तो वस्तीवर. योग्य औषध मिळालं, आवाज बसले, तरी वस्ती सुटली नाही, कारण सवय सगळ्यांनाच झाली होती. सोबतीचं काम मिळालं आणि गळ्यात ओळखपत्र आलं, तेव्हा त्याच्या भावाने त्याला पहिल्यांदा पाहुण्यांच्या पंगतीला शेजारी बसवून घेतलं.

त्याच्याकडे कळंबचे तात्या होते. तात्या म्हणजे साठी ओलांडलेला ताठ माणूस. घरचा ऊस, साखर कारखान्यात आयुष्यभर नोकरी, गावात शब्दाला मान. निवृत्त झाल्यावर त्यांची झोप गेली. मग संशय सुरू झाले. विहिरीत कुणीतरी काहीतरी टाकतंय, मोटारीच्या स्टार्टरला हात लावतंय. दवाखान्यातून गोळ्या आणल्या तर म्हणाले, "मी येडा न्हाय." त्यांच्या बायकोने, काकींनी, मग अशा वेळी बहुतेक घरं करतात तेच केलं. गोळी कुटली आणि पिठल्यात घातली. तात्यांना ती चव कळली. झालं! त्या दिवसापासून त्यांनी बायकोच्या हातचं खाणं सोडलं. गोठ्याला लागून एक छपरी आहे, तिथं तीन दगड मांडून स्वतःची भाकरी स्वतः थापायला लागले. काकी मला रडत सांगायच्या, "त्यांच्या जिवासाठीच केलं वो बाई मी." मी काय सांगणार! त्यांच्या जिवासाठीच केलं होतं, ह्यात शंका नव्हती. पण ज्या माणसाला आपल्याला कुणीतरी विष घालतंय असं वाटत होतं, त्याच्या ताटात खरोखरच काहीतरी सापडलं होतं.

अशा माणसाकडे आमचा सोबती जाऊन बसायला लागला. सुरुवातीला तर नुसताच बसायचा. तंबाखू काढायची, चुना लावायचा, मळायची, आणि तळहात पुढं करायचा. आमच्याकडे तंबाखू कुणी एकट्याने खात नाही. मळणाऱ्याने समोरच्याला आधी द्यायची, आणि समोरच्याने नाही म्हणायचं नसतं. बायकोच्या हातची भाकरी नाकारणारे तात्या त्याच्या हातची तंबाखू घ्यायला लागले. मी दवाखान्याच्या भाषेत विचार करणारी बाई. मी म्हटलं, तंबाखूचं व्यसन वाढवताय का आता? तो म्हणाला, "मॅडम, थोडं थांबा की."

थोड्या दिवसांनी त्याने तंबाखूच्या खिशातूनच गोळ्यांची पट्टी काढली. स्वतःची. म्हणाला, "तात्या, माझी गोळी टायमाची हाय. तुमची बी घ्या की, संगं घिऊ." तात्यांनी आधी त्याला गिळताना बघितलं. तोंड उघडून दाखवायला लावलं. मग स्वतःची पट्टी स्वतः फोडली आणि घेतली.

पुढं हाच रिवाज पडला. तात्या जेवायचे दिवेलागणीला, म्हणून हा रोज दिवेलागणीला कळंबला. दोघं समोरासमोर बसायचे, दोघं गोळी घ्यायचे. तात्यांना झोप लागायला लागली. विहिरीभोवतीच्या फेऱ्या कमी झाल्या. सोमवारच्या बैठकीत मी त्याचं तोंड भरून कौतुक केलं. प्रकल्पाच्या डॉक्टरांनाही सांगितलं. सगळे खूश होतो. तो जी गोळी तात्यांसमोर घेतो ती कुठली, हे विचारायचं माझ्या डोक्यात कसं आलं नाही, कुणास ठाऊक.

तर त्या दिवशी कोऱ्हाळ्याला त्याच्या ओसरीवर मला ते एकदम सुचलं. वहिनी आत गेली होती.

"तुमची झोपेची गोळी असते ना, रात्रीची. ती किती वाजता घेता?"

तो मनगटाची पट्टी चाचपत म्हणाला, "तात्याच्या संगं."

कळंबहून कोऱ्हाळे म्हणजे आधी बारामती, मग बारामती ओलांडून पुन्हा पुढं. उसाचा हंगाम. रस्त्यावर एकामागे एक ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल कापड, आणि बैलगाड्या वेगळ्याच. अशा रस्त्याने हा बाबा अंधारात, झोपेची गोळी पोटात घालून, महिनोन् महिने गाडी चालवत येत होता!

"अरे, डोकं फिरलंय का तुझं?" माझा आवाज चढला तशी आतली भांडी थांबली. "मेला असतास ना! त्या ट्रॉलीखाली चपटा झाला असतास!"

"रोज घरी यिऊस्तवर चढायची न्हाय," तो म्हणाला. "बारामतीत थांबून च्या घ्यायचो, तोंडावर पाणी मारायचो. त्या दिवशी थांबलो न्हाय. डुलकी लागली. डोळं उघडलं तवा रस्त्याकडंच्या पाण्याच्या चारीत होतो. ऊसतोडीच्या बायांनी वढून काढलं."

"मग कुत्र्याचं कशाला सांगितलंस?"

"मॅडम, खरं सांगितलं असतं तर तुमी काम काढून घेतलं असतं. आन् काम गेलं, की मी परत वस्तीवर."

हे त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला राग होता तो तसाच होता, पण त्याच्याखाली भीती बसली. कारण त्याचं खरं होतं. मला हे वर सांगावं लागणार होतं.

डॉक्टर माणूस चांगला आहे, आमच्या कामाला पहिल्यापासून पाठिंबा देणारा. पण ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मला हीच धास्ती होती. शेवटी पेशंटला पेशंट सांभाळायला दिला आपण. त्याची जजमेंट तशीच असणार."

मी त्यांच्यावर तेव्हा लगेच ओरडले नाही, हे माझ्या बाबतीत नवलच. मी फक्त म्हटलं, सोमवारची बैठक झाली की बोलते. कारण मला आधी माझ्या माणसांशी बोलायचं होतं.

सोमवारी बैठकीत सोबती स्वतः लंगडत आला आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून मोकळा झाला. आमच्याकडे इंदापूरची एक ताई आहे, तीही सोबती. पूर्वी तिला उदासीनतेचे मोठे झटके यायचे. जीभ अशी धारदार की मीसुद्धा जपून असते. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "शहाणा हायेस का तू? आमची नावं घालवायची हायेत का?" मग माझ्याकडे वळली. "आन् मॅडम, तुमाला बी सांगते. ह्यानं चूक केली. चूक म्हणा, शिव्या घाला, आठवडाभर घरी बसवा. पर आजार म्हणू नका. आमी जरा मोठ्यानं हसलो तर आजार, रडलो तर आजार. निदान चूक तरी आमची आमाला असू द्या की!"

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना हेच वाक्य माझ्या आवाजात सांगितलं, आणि माझा आवाज काय आहे ते आधी सांगितलंच आहे. म्हटलं, डॉक्टर, तुमच्याकडची नर्स दोन ड्युट्या लागोपाठ करून घरी जाताना गाडीवर पेंगली, तर तुम्ही काय म्हणाल? तिची जजमेंट बिघडली म्हणाल, की ड्युटी चुकीची लागली म्हणाल? ह्या माणसाने बुद्धी गहाण ठेवून हे केलेलं नाही. जे घर कुणालाच उघडत नव्हतं ते त्याने उघडलं. आपण कुणी त्याला विचारलं नाही, हे सगळं तू कशावर चालवतोयस.

डॉक्टर म्हणाले, "त्याची गोळी मला बदलता येणार नाही. ह्याच गोळीवर तो इतकी वर्षं उभा आहे."

"बदलू नकाच."

"मग तात्यांसमोर त्याने दुसरं काहीतरी घ्यावं. पेपरमिंटची गोळी घेतली तरी कुणाला कळतंय?"

हे मी सोबत्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "न्हाय मॅडम. तात्याला एकदा पिठल्यातनं फसवलंय. आता मी पेपरमिंटनं फसवू व्हय?"

शेवटी ठरलं ते असं. काम त्याच्याकडे राहील. पण स्वतःचं औषध रुग्णाच्या घरी घ्यायचं नाही, त्याने नाही आणि कुणीच नाही. आणि अंधार पडायच्या आत घराकडे निघायचं. डॉक्टर उठता उठता म्हणाले, "आणि ह्याने बंद केली म्हणून तात्यांनी बंद केली, तर?" एका माणसाला वाचवायला मी जो नियम केला, तो दुसऱ्याला बुडवणार होता, असंच चित्र दिसत होतं.

आणि बुडवायला सुरुवात झालीही होती. सोबती गुडघा धरून घरी बसला तेव्हापासून तात्यांनी गोळीला हात लावला नव्हता. काकींचा फोन आला. पुन्हा झोप नाही, पुन्हा विहिरीभोवती फेऱ्या. "पोरगं कुठं गेलं म्हणून सारखं इचारत्यात. पडला म्हणून सांगू नका बरं का बाई. म्हणतील, माझ्याकडं येतो म्हणून कुणीतरी पाडला."

मला ती भीती अगदी पटली. मग मीच कळंबला गेले. गाडी चालवता चालवता विचार केला, गोळी तर मीसुद्धा घेते, रक्तदाबाची. मग बसू की तात्यांसमोर! आता हसू येतं, पण तेव्हा मला ही फार मोठी कल्पना सुचल्यासारखं वाटलं होतं. छपरीत जाऊन बसले. इकडचं तिकडचं बोलले. मग पर्समधून पट्टी काढली. "तात्या, माझी गोळीची वेळ झाली. तुम्हीपण घेता का?"

तात्यांनी हात पुढं केला, माझ्या हातातून पट्टी घेतली, उजेडाकडे धरून वाचली आणि परत दिली.

"ही बीपीची. आमच्या हिला बी हाय." मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, "बाई, तुमी त्यातल्या न्हाय."

त्या बोलण्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. कारखान्याच्या गेटावर चुकीच्या पासवाल्याला परत पाठवावं, तसं त्यांनी मला परत पाठवलं. मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांचं शिक्षण, इतकी वर्षं ह्याच माणसांत काढलेली, आणि तरी मी दाराबाहेरचीच. पण परत येताना कॅनॉलच्या पुलावर गाडी थांबवून थोडा वेळ बसले, तेव्हा कळलं की वाईट वाटण्यासारखं त्यात काही नाही. मी त्यातली नाही, म्हणूनच तर मला तो माणूस लागतो. आणि तो धड राहावा, हे बघायला मी आहे. माझं काम तेवढंच आहे आणि ते कमी नाही.

आठवड्याने सोबत्याचा गुडघा वळायला लागला. तो म्हणाला, आज कळंबला जातो. मी म्हटलं, मी येते. त्याची मोटरसायकल पुढं, माझी गाडी मागं. वाटेत एका चहाच्या टपरीवर तो थांबला आणि वैतागून म्हणाला, "मॅडम, असं मागं मागं नका येऊ. वरात निघाल्यासारखं वाटतंय."

"वाटू दे. तू सरळ चालवतोस का ते बघतेय."

चहा घेताना मी विचारलं, तात्यांना काय सांगणार? म्हणाला, खरं सांगणार.

"अरे, काकी काय म्हणाल्या ऐकलंस ना? अर्धं सांग. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली म्हण. पडल्याचं कशाला काढतोस?"

"अर्ध्यानंच तर त्यांची वाट लागलीया," तो म्हणाला. मग कप ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, ते न्हाय ऐकले तर मी तितंच ऱ्हातो की. गोठ्यात पडतो, सकाळी येतो. महिनाभर काढीन."

"तू काय त्यांचा जावई आहेस का? गोठ्यात झोपतोय म्हणे! आणि मग तुझी झोप, तुझं जेवण, तुझी तब्येत? ती कुणी बघायची?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "एक इचारू? तुमी मला वाचवताय का प्रोजेक्टला?"

टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता, तो थांबला की काय असं मला वाटलं. असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "दोन्ही. पण आधी तुला. प्रोजेक्ट येतात आणि जातात. तू चारीत पडलास हे कळल्यापासून मला धड जेवण गेलेलं नाही, समजलं?" आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, टपरीवर, चार माणसांत. त्याने पैसे दिले आणि गाडीला किक मारली.

कळंबला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तात्या छपरीत चुलीजवळ बसले होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सोबत्याला बघून ते उठले नाहीत, पण त्यांचा चेहरा हलला. मग त्यांची नजर मनगटाच्या पट्टीवर गेली, गुडघ्यावर गेली. मी दाराशीच उभी राहिले. काकी माझ्या मागे येऊन थांबल्या आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कुणी पाडलं?" तात्यांनी विचारलं.

काकी म्हणाल्या होत्या तसंच.

"कुणी न्हाय," सोबती खाली बसत म्हणाला. "माझा मीच पडलो. गाडीवर झोप लागली."

"झोप? कशानं?"

"गोळीनं. ती झोपंची हाय. रातीला घ्यायची असती. मी हितं तुमच्यासंगं घिऊन जायचो."

तात्या त्याच्याकडे बघत राहिले. बाहेर एक म्हैस दावं ओढत होती, तेवढाच आवाज. काकींची पकड इतकी आवळली की माझा हात दुखायला लागला. मला वाटलं, आता हे उठतील, आता म्हणतील, मला फसवलं, किंवा म्हणतील, त्या गोळीतच कुणी काहीतरी घातलं होतं. चुलीतलं लाकूड त्यांनी पुढं सरकवलं.

"आन् माझी?"

"तुमची झोपंची न्हाय. तुमची तुमी हितं घ्यायची. मी घरी जाऊन माझी घेणार. आता संगं न्हाय, तात्या. मला मनाई हाय."

"मग तू घेतलीस हे मला कसं कळायचं?"

"न्हाय कळायचं."

"आन् मी तू गेल्यावर थुकली तर?"

"मला बी न्हाय कळायचं."

मला ओरडावंसं वाटत होतं, अरे काहीतरी समजूत घाल, काहीतरी बोल! इतकं कोरडं कुणी सांगतं का? पण तो तसाच बसून राहिला, दुखरा गुडघा लांब करून. त्याच्याकडे सांगण्यासारखं जेवढं खरं होतं, तेवढं संपलं होतं आणि त्यात भर घालायला तो तयार नव्हता.

तात्यांनी विचारलं, "पडलास तवा किती लागलं?"

"हे दिसतंय तेवढंच. ऊसतोडीच्या बाया हुत्या म्हणून. मागनं ट्रॉली येत हुती."

"आन् हे तू रोज करत हुतास?"

"व्हय."

"माझ्यापायी?"

सोबत्याने मान खाली घातली.

तात्या उठले. कोनाड्यातून त्यांनी आपली पट्टी काढली, बोटाने एक गोळी फोडली, माठातलं पाणी घेतलं आणि गिळली. त्याच्याकडे बघितलं नाही, आमच्याकडेही बघितलं नाही. काकींनी माझा हात सोडला आणि तोंडावर पदर धरला. मीही पदर धरला असता, पण मी त्या दिवशी पंजाबी ड्रेसमध्ये होते, मग तशीच रडले.

सोबती खुशीत आला. मांडी घालून नीट बसला आणि खिसा चाचपत म्हणाला, "काकी, च्या टाका की थोडा."

"च्या न्हाय न् काय न्हाय!" तात्या एकदम गरजले. कारखान्यात त्यांचा आवाज कसा असेल, ते मला तेव्हा कळलं. "बसतोस काय लेका? बाहीर बघ. उजेड हाय तवर नीघ!"

"अवो तात्या, आत्ता तर आलो..."

"नीघ म्हणतो न्हवं!" त्यांनी त्याला काखेत हात घालून उठवलं, पाठीला हात लावून अंगणापर्यंत चालवत आणलं आणि गाडीजवळ उभं केलं. मग ते वळले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् बाई, रडताय काय नुसत्या? तुमची गाडी वाटंत आडवी लावलीया. काढा आधी. त्याला उशीर हुतोय."